दोन डोळ्यांची दुर्बीण आणि तिचा स्टँड

१९९६च्या जानेवारीअखेरीस दक्षिण जपानमध्ये युजी ह्याकुताके या हौशी निरीक्षकाला पहाटेच्या आकाशात एक धूसर ठिपका दिसला. तो होता नवा धूमकेतू. दोन महिन्यांत तो पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरवर आला आणि जगभर लोकांनी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला. ह्याकुताकेंच्या हाताशी वेधशाळा नव्हती. होती ती १५० मिलिमीटर भिंगांची, २५ पट मोठं दाखवणारी द्विनेत्री दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर. त्याआधी १९८३मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज ऑल्कॉक यांनी तर घरातूनच, खिडकीच्या काचेआडून, १५ × ८०च्या बायनॉक्युलरने धूमकेतू टिपला होता.

दोन्ही डोळ्यांनी पाहताना मेंदूला दोन प्रतिमा मिळतात, त्यामुळे अंधूक गोष्ट लवकर जाणवते आणि डोळा शिणत नाही. शिवाय आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो. देवयानी दीर्घिका आकाशात लांबीने चंद्रबिंबाच्या सहापट आहे. बहुतेक टेलिस्कोपमध्ये तिचा फक्त मध्यभाग मावतो. १५ × ७०मध्ये ती आजूबाजूच्या ताऱ्यांसह आख्खी बसते.

१५ × ७० म्हणजे १५ पट वर्धन आणि ७० मिलिमीटर व्यासाची पुढची भिंगं. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ७ × ५०ची ती सात मिलिमीटर, १५ × ७०ची साडेचारच्या थोडी वर, २० × ८० आणि २५ × १००ची चार. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत फाकते. पन्नाशीत अनेकांची पाचच्या आसपास थांबते. झोत बाहुलीपेक्षा जाड असेल तर जास्तीचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. शहराच्या उजळ आकाशात तर बारीक झोतच बरा, कारण त्यात आकाशाची पार्श्वभूमी काळी पडते.

८० मिलिमीटरचं भिंग ५० मिलिमीटरच्या अडीचपट प्रकाश गोळा करतं, म्हणून मोठ्या आकड्यांचा मोह पडतो. पण १५ × ७० साधारण दीड किलोची, २० × ८० दोन किलोंच्या पुढे आणि २५ × १०० चार किलोंच्या घरात जाते. पहिली मोठी बायनॉक्युलर म्हणून मी १५ × ७०च सुचवेन. झूम बायनॉक्युलर आकाशासाठी घेऊ नका.

विकत घेताना सगळ्यात आधी दोन्ही नळ्या एकाच दिशेला पाहतात का, ते तपासा. दूरच्या मोबाइल टॉवरचं टोक पाहा, रात्री एखादा ठळक तारा पाहा. दोन तारे दिसले, किंवा एकच दिसला पण कपाळ ठणकू लागलं, तर ती परत करा. स्वस्त मोठ्या बायनॉक्युलरमध्ये हाच दोष नेहमी आढळतो आणि वर्धन वाढलं की तो जास्त जाचतो. मग ती हातभर लांब धरून उजेडाकडे करा. नेत्रिकेतला प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल हवा; त्याच्या कडा छाटल्यासारख्या दिसल्या तर आतले प्रिझम हलक्या काचेचे असण्याचा संभव मोठा. चष्मा लावून पाहायचं असेल तर नेत्रिकेपासून डोळ्याचं अंतर निदान सोळा-सतरा मिलिमीटर मिळायला हवं. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो, तिरका नंबर जास्त असेल तर नाही.

आता स्टँड. खरेदीत सर्वात कमी विचार होतो तो याचाच. २० पट मोठं दाखवणारी बायनॉक्युलर हाताचा कंपही २० पट दाखवते. बारीक तारे त्या थरथरीत पुसले जातात आणि मोठ्या भिंगांनी गोळा केलेला प्रकाश वाया जातो.

परदेशी पुस्तकांत साधा ट्रायपॉड आणि इंग्रजी एल आकाराचा ब्रॅकेट सांगितलेला असतो. आपल्याकडे तो अर्धाच सल्ला आहे. लंडनहून कृत्तिका जास्तीत जास्त ६२ अंश वर चढतात. पुण्याहून त्या माथ्यापासून जेमतेम साडेपाच अंशांवरून जातात. पुष्यातला तारकागुच्छ पुणे-नाशिकच्या जवळजवळ डोक्यावर येतो. हिवाळ्यातलं आपलं उत्तम आकाश असं थेट माथ्यावर असतं. तिथे बायनॉक्युलर वळवली की नेत्रिका खाली जातात, ट्रायपॉडचे पाय आडवे येतात आणि मान मोडेपर्यंत वाकूनही डोळा लागत नाही.

यावर उत्तम तोड म्हणजे समांतरभुज स्टँड. दोन समांतर दांड्या चार सांध्यांनी जोडलेल्या असतात. एका टोकाला बायनॉक्युलर, दुसऱ्या टोकाला तोल साधणारं वजन. ट्रायपॉड बाजूला राहतो आणि तुम्ही खाली मोकळे उभे राहता किंवा आरामखुर्चीत रेलता. बायनॉक्युलर वर-खाली सरकवली तरी रोख बदलत नाही. आजोबांनी कृत्तिका लावून दिल्या की आठ वर्षांची नात स्टँड खाली ओढून त्याच कृत्तिका पाहते. अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, बोल्ट आणि व्यायामशाळेतली एखादी वजनाची चकती एवढ्यात चांगला फॅब्रिकेटर तो बनवून देऊ शकतो. खालचा ट्रायपॉड मात्र दणकट हवा, कारण त्यावर बायनॉक्युलर, दांड्या आणि वजन असा सगळा भार येतो. ब्रॅकेटही धातूचाच घ्या, प्लॅस्टिकचा लवतो.

साधा ट्रायपॉडही निरुपयोगी नाही. मे महिन्याच्या रात्री नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ, पुण्याहून दक्षिणेला २४ अंशांवर असतो. लंडन-पॅरिसहून तो उगवतच नाही. पावसाळ्याच्या आधी वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन गुच्छही असेच सोयीच्या उंचीवर येतात. पावसाळा लागला की बायनॉक्युलर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कोकणातच काय, मुंबईतही भिंगांवर बुरशी धरते. आणि सूर्याकडे ती कधीही रोखू नका. क्षणभरातही डोळा कायमचा जाऊ शकतो.

खरेदीआधी अमावास्येच्या सुमारास पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ किंवा तुमच्या गावच्या गटाबरोबर एक रात्र काढा आणि दोन-तीन आकारांतून तोच गुच्छ पाहा. पैसे एकदम जमत नसतील तर आधी चांगला स्टँड घ्या आणि त्यावर साधी १० × ५० लावा. हातात धरलेल्या २० × ८०पेक्षा ती जास्त तारे दाखवेल.