‘त’, ‘ट’ आणि बाळाचे पहिले वर्ष

पहिल्या सहा-आठ महिन्यांत बाळाला एकही शब्द बोलता येत नसला, तरी न ऐकलेल्या भाषांमधीलही बरेचसे स्वनिम, म्हणजे ज्यांच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो असे ध्वनी, ते वेगवेगळे ओळखू शकते. जेनेट वर्कर व रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात केलेल्या आणि 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिंदीतील दन्त्य ‘त’ (जीभ दातांना टेकवून उच्चारलेला) आणि मूर्धन्य ‘ट’ (जिभेचे टोक मागे वळवून उच्चारलेला) ही जोडी वापरली होती. मराठी घरातील बाळाच्या कानांवर तर ती दिवसभर पडत असते. एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवला जाई आणि तो बदलताच बाळाने मान वळवली, तर त्याला हलणारे खेळणे दिसे, त्यामुळे मान वळवणे हेच त्याचे उत्तर ठरे. इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला, दहा ते बारा महिन्यांच्या मोजक्याच बाळांना कळला, हिंदीभाषक घरांतील वर्षाच्या आसपासच्या बाळांमध्ये मात्र ही क्षमता टिकून होती. याला निव्वळ ऱ्हास म्हणणे एकांगी ठरेल, कारण याच काळात घरच्या भाषेतील ध्वनींची जाण अधिक तीक्ष्ण होत जाते. पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांच्या 2003 मधील प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनीतील ध्वनिभेद समोर बसून बोलणाऱ्या, खेळवणाऱ्या व्यक्तीकडून आत्मसात करता आला. तसेच साहित्य दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून दाखवल्यावर तो आत्मसात झाला नाही.