कन्हानच्या उन्हाळ्यात पेल्टियर टेस्ट बेंच जळू नये म्हणून

पेल्टियरवर चालणारे छोटे कूलिंग बॉक्स बनवायचा विचार आहे ना? मग प्रत्येक मॉड्यूल तपासायला वॉटर-कूल्ड टेस्ट बेंच लागेलच. पण कन्हानसारख्या ठिकाणी मे महिना डोक्यात ठेवूनच तो बांधा. नागपुरात २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

आधी हिशोब बघा. मॉड्यूल थंड बाजूने ४० वॉट उष्णता ओढतंय आणि स्वतः ६० वॉट वीज खातंय, तर गरम बाजूला पूर्ण १०० वॉट येतात. बरेच जण हे ६० मोजतच नाहीत! २० लिटरच्या बादलीत १०० वॉट सोडले तर पाणी साधारण १४ मिनिटांत एक अंश चढतं. म्हणजे तासाला चार अंश. पाच तासांच्या टेस्टला बादली पुरत नाही.

त्यावर उपाय आपल्या घरातच आहे, कूलर. त्याचं पाणी बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा थंड राहतं. मात्र ते पाणी थेट ब्लॉकमधून फिरवू नका. कूलरच्या पंपावर पांढरा थर बसतो ना, तोच क्षार ब्लॉकच्या बारीक नळ्यांत बसेल. ब्लॉकमध्ये डिस्टिल्ड वॉटर बंद चक्रात फिरवा आणि त्या नळीचं वेटोळं कूलरच्या टाकीत बुडवा. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा ही युक्ती फारशी चालत नाही. तेव्हा रेडिएटर आणि पंखा लावा.

आता खरा धोका. पंपाचा आवाज येतोय म्हणजे पाणी फिरतंय असं नाही. नळी दुमडली की ब्लॉक मिनिट-दोन मिनिटांत भाजतो, आणि साध्या मॉड्यूलमधलं सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळतं. टाकीतला थर्मामीटर मात्र तेव्हा निवांत ३५ दाखवत असतो! म्हणून थर्मल कटआउट टाकीत नको, ब्लॉकवरच, मॉड्यूलच्या अगदी शेजारी घट्ट बसवा. ६० अंशांचा घ्या. ५० चा घेतलात तर मेमध्ये उगाच ट्रिप होत राहील.

कटआउट हाताने रीसेट होणाराच घ्या. आपोआप चालू होणारा रात्रभर बंद-चालू करत बसतो, आणि सकाळी ग्राहकाचं सॅम्पल गेलेलं असतं. त्याने पॉवर सप्लायची २३० व्होल्टची बाजू कॉन्टॅक्टरमार्फत तोडा. हे वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सोबत फ्लो स्विच सिरीजमध्ये लावा.

दर सोमवारी, समोर उभं राहून, पंप मुद्दाम बंद करा. मॉड्यूलची वीज लगेच तुटली, तर फ्लो स्विच ठीक. कटआउट वेगळा तपासा. ज्या दिवशी यातलं एकही चाललं नाही, त्या रात्री टेस्ट लावून घरी जायचं नाही.