तिहान्य : हद्दीच्या कागदात जपलेली भाषा

गावाच्या नावामागे काय दडलंय, हे शोधायचा मला नाद आहे. आज आपण हंगेरीतल्या तिहान्य या छोट्या गावात जाऊ. बालातोन नावाच्या विस्तीर्ण तळ्यात शिरलेल्या द्वीपकल्पावर हे गाव वसलंय.

१०५५ साली राजा पहिला आंद्राश याने इथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ स्थापन केला आणि त्याला जमिनी दिल्या. त्याची सनद लॅटिनमध्ये लिहिली गेली, कारण तेव्हा राजदरबाराचे कागद त्याच भाषेत होत. पण हद्दी सांगताना लॅटिन पुरेना. कुठला ओढा, कुठला रस्ता, हे गावकरी ज्या नावाने ओळखतात त्याच नावाने लिहायला हवं. नाहीतर उद्या तंटा झाला तर ठरवायचं कसं? म्हणून लॅटिन मजकुरात हंगेरियन शब्द आले. मूळ प्रतीत टिकून राहिलेलं हंगेरियन भाषेचं हे सर्वांत जुनं लेखन मानलं जातं.

त्यातला एक तुकडा आहे : 'फेहेरुवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ'. म्हणजे, फेहेरवारकडे जाणाऱ्या सैनिकी रस्त्यावर. यातला 'रेआ' तेव्हा सुटा शब्द होता. आज तो आखडून 'रा' झालाय आणि नामाला चिकटतो. आपण 'रस्त्यावर' म्हणताना 'वर' जोडतो ना, अगदी तसंच!

आता गंमत ऐका. जिथे ही हंगेरियन भाषा जपली गेली, त्या गावाचं नाव मात्र हंगेरियन नाही. ते स्लाव भाषेतल्या 'शांत' या अर्थाच्या शब्दावरून आलं, असं मानलं जातं. 'बालातोन'चं मूळही स्लावच. त्या शब्दाचा अर्थ चिखल, दलदल. नवव्या शतकाच्या अखेरीस मज्यार लोक इथे आले, तेव्हा स्लाव वस्ती आधीपासून होती. सत्ता बदलली, बोली बदलली, नावं मात्र राहिली.

आणि हे 'शांत' गाव पुढे प्रसिद्ध झालं ते प्रतिध्वनीसाठी! टेकडीवरून हाक मारली की मठाच्या चर्चची भिंत उत्तर देई. मध्ये घरं नि झाडं वाढली, तसा तो आवाज क्षीण झाला.

आंद्राश राजाची कबर आजही तिथल्या तळघरात आहे. सनद मात्र पानोनहाल्मा इथल्या मठात जपलेली आहे.

तुमच्या घरातही जमिनीचे जुने कागद असतील. त्यातली शेतांची, ओढ्यांची नावं एकदा मोठ्याने वाचा आणि वहीत उतरवून ठेवा. सांगणारी माणसं आहेत, तोवरच.