विश्लेषण : मराठी ग्रंथाचे पुन्हा मराठीत भाषांतर कशासाठी? चारशे वर्षांपूर्वीच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील संवाद आज कसा वाचायचा?

इंग्लंडमध्ये जन्मलेल्या एका पाद्रीने गोव्यात राहून ओवीबद्ध मराठी पुराण रचले. १६१६ मध्ये ते छापूनही निघाले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून जुन्या मराठी ग्रंथांबद्दलचे कुतूहल वाढले आहे आणि त्यात या ग्रंथाचे नाव हमखास येते. अडचण अशी, की ग्रंथ मराठी असूनही आजच्या मराठी वाचकाला तो भाषांतराशिवाय समजत नाही. असे का होते? मराठीचे मराठीत भाषांतर करताना नेमके काय पणाला लागते?

‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे काय?

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास झाला. जेझुइट संघात दाखल झाल्यावर ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात पोहोचले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. त्यांचे बहुतेक आयुष्य सासष्टीत, म्हणजे आजच्या मडगावच्या परिसरात गेले. (मुंबईची सासष्टी वेगळी.) भारतीय भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्य असल्याचे त्यांनी १५८३ मध्येच भावाला पत्रातून कळवले होते. कोकणीचे पहिले छापील व्याकरणही त्यांचेच. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

‘ख्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ सृष्टीच्या निर्मितीपासून बायबलच्या जुन्या कराराची कथा सांगते. ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र सांगते. अध्यायांना ‘अवस्वरू’ म्हटले आहे. पहिल्या भागात असे ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत. रत्नांमध्ये निळा, फुलांमध्ये मोगरा, सुगंधांमध्ये कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी, असा मराठीचा गौरव करणाऱ्या प्रसिद्ध ओव्या याच ग्रंथातल्या. अनेकांना ग्रंथातल्या तेवढ्याच ओव्या माहीत असतात.

याला ‘संवाद’ का म्हणायचे?

पुराण हा प्रकारच मुळी प्रश्नोत्तरांवर चालतो. श्रोता शंका विचारतो, वक्ता कथेतून उत्तर देतो. स्टीफन्स यांनी हीच बैठक उचलली. त्यांच्या पुराणात सांगणारा ‘पाद्री गुरू’ आहे आणि ऐकणारे सासष्टीचे नवख्रिस्ती आहेत. हे श्रोते मधेच थांबवून शंका विचारतात आणि त्या शंकांमधून कथा पुढे सरकते.

ग्रंथाची सुरुवातही एका प्रश्नानेच होते. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिकवण दिली जात असताना एक ब्राह्मण पुढे येतो. आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, अशा आशयाची विचारणा तो करतो. त्याला उत्तर म्हणून हे पुराण सांगितले जाते.

हा प्रश्न साधा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या कथा हातून गेल्यावर उरलेल्या पोकळीबद्दल तो माणूस बोलतो आहे. भाषांतर कोणतेही असो, त्याची पहिली परीक्षा इथेच होते.

ख्रिस्ती परंपरेत संवाद कुठून आला?

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर यांनी ‘ट्रायफोशी संवाद’ लिहिला. त्यात एक ख्रिस्ती तत्त्वज्ञ आणि एक ज्यू विद्वान वाद घालतात. शेवटी ट्रायफो धर्मांतर करत नाही, दोघे सौजन्याने निरोप घेतात. मिनुसियस फेलिक्स यांच्या ‘ऑक्टेव्हियस’ या लॅटिन ग्रंथात तीन मित्र रोमजवळच्या ऑस्टिया इथल्या समुद्रकिनारी फिरायला जातात आणि तिथे जुन्या व नव्या धर्मावर चर्चा रंगते. तिथे मात्र विरोधी बाजू मांडणारा अखेर हार मानतो.

या ग्रंथांत दोन्ही बाजू एकच लेखक लिहितो. समोरच्याच्या तोंडी किती दमदार युक्तिवाद द्यायचा, हे त्याच्याच हातात असते. ‘ख्रिस्तपुराण’ही याला अपवाद नाही. फरक इतकाच, की स्टीफन्स यांनी हा संवाद ग्रीक किंवा लॅटिन धर्तीवर न रचता ओवीत बसवला. मराठी श्रोत्याला अशा संवादाची सवय होतीच. ज्ञानेश्वरी हा कृष्ण-अर्जुनाचा संवाद आहे. स्टीफन्स यांच्या आधीच्याच पिढीतल्या संत एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहून दोन धर्मांना समोरासमोर बोलते केले होते.

मराठी ग्रंथ रोमन लिपीत का छापला?

याचे उत्तर तांत्रिक आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला, पण तिथे देवनागरीचे खिळे नव्हते. स्टीफन्स यांना स्थानिक लिपीतच छपाई हवी होती. १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण मांडली. युरोपीय लिपीला २४ अक्षरांचे साचे पुरतात, पण इथली लिपी अक्षरावयवांची, त्यामुळे तिला सुमारे ६०० साचे लागतील. ही संख्या २०० पर्यंत खाली आणता येईल, असेही त्यांनी सुचवले. तमिळमध्ये १५७८ सालीच पुस्तक छापले गेले होते, त्यामुळे ही मागणी अवास्तव नव्हती. तरीही ती पूर्ण झाली नाही.

मग मराठी उच्चार रोमन अक्षरांत बसवावे लागले. दोन ‘एन’ म्हणजे ‘ण’, दोन ‘एल’ म्हणजे ‘ळ’, ‘एक्स’ म्हणजे ‘श’, अशी पोर्तुगीज वळणाची पद्धत ठरली. मात्र ऱ्हस्व-दीर्घाचा फरक या लेखनात बहुतेक ठिकाणी दिसत नाही. ‘मन’ आणि ‘मान’ कागदावर सारखेच दिसू शकतात. मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्यांना ही अडचण लगेच कळेल. म्हणजे भाषांतराच्या आधी प्रत्येक शब्दाचे लिप्यंतर करायचे आणि लिप्यंतर करतानाच अर्थ ठरवायचा.

मूळ प्रत कुठे आहे?

१६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरमधून रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली.

पुढे प्रकरणाला वळण मिळाले. इंग्रज विद्वान विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात ‘ख्रिस्तपुराणा’चे देवनागरी हस्तलिखित असल्याचे जस्टिन अॅबट यांनी १९२० च्या दशकात उजेडात आणले. मराठी संतचरित्रे इंग्रजीत नेणारे हेच ते अॅबट. हे हस्तलिखित आता लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. रोमन प्रतींमध्ये जिथे पोर्तुगीज शब्द येतात, तिथे या प्रतीत अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मग स्टीफन्स यांनी मुळात काय लिहिले होते? आधी संस्कृतप्रचुर लिहून छपाईसाठी पोर्तुगीज शब्द घातले, की नंतर कुणी ते शब्द बदलले? यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे कोणता पाठ हाती घ्यायचा, हा भाषांतरकाराचा पहिलाच निर्णय वादाचा ठरतो.

मराठीचे मराठीत भाषांतर कोणी केले?

१९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याच्या प्रसाद प्रकाशनातर्फे देवनागरी आवृत्ती आणली. त्यामुळे हा ग्रंथ सामान्य मराठी वाचकाच्या हाती आला. १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती पॉप्युलर प्रकाशनाने काढली. तिच्यात आजच्या मराठीतला अर्थही होता. २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी मराठी आवृत्ती आणि २०१२ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. मुळशी तालुक्यातल्या गावांमध्ये हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण होते, तेव्हा अनेकांच्या हाती ‘सार्थ’ प्रत असते. वर ओवी, खाली अर्थ. तेही मराठीचे मराठीतच भाषांतर असते. पण ज्ञानेश्वरीला पारायण, कीर्तन आणि प्रवचनांची अखंड साखळी लाभली, म्हणून तिचे शब्द कानावरून गेलेले असतात. ‘ख्रिस्तपुराणा’ची साखळी तुटली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज वापरण्याचा हुकूम दिला. ज्या लोकांसाठी पुराण लिहिले, त्यांच्याच भाषेवर बंदी आली.

भाषांतर नेमके अडते कुठे?

एक शब्द पाहू : वैकुंठ. स्टीफन्स यांनी ख्रिस्ती स्वर्गासाठी हा शब्द वापरला. विष्णूचे स्थान म्हणून तो श्रोत्यांच्या ओळखीचा होता आणि म्हणूनच त्यांनी तो निवडला असावा. आजच्या मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत मात्र ‘स्वर्ग’ हा शब्द रूढ आहे. भाषांतरकाराने ‘वैकुंठ’ ठेवला, तर ख्रिस्ती वाचक अडखळेल. ‘स्वर्ग’ केला, तर स्टीफन्स यांनी मुद्दाम जोडलेला दुवा निखळेल.

तीनशे वर्षांनी पुणे जिल्ह्यातच याच्या नेमकी उलट निवड झाली. दौंड तालुक्यातल्या केडगाव इथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामात गुंतल्या होत्या. हिंदू तत्त्वज्ञानाची छटा असलेले संस्कृत शब्द शक्यतो टाळायचे, असा त्यांचा कटाक्ष होता. स्वतः संस्कृत पंडिता असल्याने त्या शब्दांचे वजन त्यांना ठाऊक होते. परदेशी पाद्रीने संस्कृत शब्द जवळ केले आणि संस्कृत जाणणाऱ्या मराठी बाईंनी ते दूर ठेवले. दोघांनाही मजकूर लोकांपर्यंत पोहोचवायचा होता.

प्रश्न विचारणारा मोकळा होता का?

हा मुद्दा टाळून ‘ख्रिस्तपुराण’ वाचता येत नाही. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील मंदिरे पाडली गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी इथे पाच जेझुइट मारले गेले. त्यानंतर पोर्तुगिजांनी तिथल्या गावकऱ्यांच्या प्रमुखांना असोळणा इथल्या किल्ल्यात बोलावून ठार केले. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. स्टीफन्स याच सासष्टीत काम करत होते. पुराणातला ब्राह्मण नम्रपणे प्रश्न विचारतो, तेव्हा बाहेर ही परिस्थिती आहे.

म्हणून या ग्रंथाकडे केवळ ‘दोन संस्कृतींचा सुंदर संगम’ म्हणून पाहिले, तर तो प्रश्नकर्ता हरवतो. उलट, निव्वळ धर्मप्रसाराचे साधन म्हणून तो बाजूला ठेवला, तर एका परक्या माणसाने आयुष्य घालून कमावलेली मराठी हरवते. या दोन्ही गोष्टी एकाच ओवीत असू शकतात आणि चांगल्या भाषांतरात त्या दोन्ही दिसायला हव्यात.

तुलनेसाठी १८५७ ची मुंबई पाहता येईल. त्या वर्षी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात समुद्रकिनारी जाहीर वादविवाद झाले. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्याचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी प्रसिद्ध केला. तिथे दोन्ही बाजूंना खरी माणसे होती आणि विरोधी बाजू स्वतःचे शब्द स्वतः बोलत होती. सासष्टीच्या श्रोत्याला ती सोय नव्हती. त्याचे म्हणणे आपल्यापर्यंत पाद्री गुरूच्या लेखणीतूनच येते.

आज वाचायला कुठून सुरुवात करावी?

११ हजार ओव्या सलग वाचण्याची गरज नाही. पहिल्या पुराणाचा पहिला अवस्वरू पुरेसा आहे. मराठीचा गौरव आणि ब्राह्मणाची विचारणा, दोन्ही त्यातच आहेत. आधी ओवी मोठ्याने वाचावी, मग खालचा अर्थ पाहावा. बरेच शब्द कानाला लागतात, कारण वळण ज्ञानेश्वरी-भागवताच्या ओवीचे आहे. जिथे अडेल तिथे भाषांतरकाराने कोणता शब्द ठेवला आणि कोणता बदलला, हे पाहावे. आणि मराठीच्या गौरवाच्या ओव्यांवर न थांबता ब्राह्मणाच्या प्रश्नापर्यंत जरूर जावे.