फुलाकडे आलेला पाहुणा

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन सवयी हमखास लागतात. एक म्हणजे वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि दुसरी म्हणजे खातेदाराची माहिती तिसऱ्याला सांगायची नाही. पहिलीची गरज निवृत्तीबरोबर बरीचशी संपली. दुसरी मी विसरत चाललो होतो, ती रानफुलांनी पुन्हा लावली. त्याचीच ही हकिकत.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मुलीनं वाढदिवसाला कॅमेरा दिला. दोन्हींची सांगड घालत मी रविवारी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाऊ लागलो. सात-आठ जणांचा आमचा कंपू. त्यात वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. पहिल्या पावसाळ्यात मी तेरडा, सोनकी, रिंगणी अशा फुलांचे शेकडो फोटो काढले आणि मोठ्या अभिमानानं सरांना दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "लग्नाचे फोटो छान आलेत. पण भटजी कुठं आहेत?"

भटजी म्हणजे परागकण इकडून तिकडे नेणारा कीटक. तो नसेल तर यातल्या बऱ्याच फुलांचं लग्न लागायचं कसं? त्या दिवसापासून मी फुलापाशी बसायला शिकलो. उन्हं जरा तापली की माश्या कामाला लागतात, म्हणून आठ ते दहा ही वेळ चांगली. आपली सावली फुलावर पडू द्यायची नाही, हालचाल करायची नाही, आणि कीटकाच्या मागे धावायचं नाही. तो येतोच.

एकदा काटेरिंगणीच्या जांभळ्या फुलावर निळ्या पट्ट्यांची एक माशी आली. तिनं मधल्या पिवळ्या पुंकेसरांना मिठी मारली आणि एकदम बारीक, चढा गुणगुणाट सुरू झाला. सरांनी समजावलं, की रिंगणीचे परागकण डबीत बंद असल्यासारखे असतात. डबीला टोकाशी फक्त बारीक भोक. माशी अंगाचे स्नायू थरथरवते, तेव्हा ते पिठासारखे बाहेर उडतात. वांगं आणि टोमॅटोची फुलंही याच जातीची. आपल्याकडची मधमाशी फुलाला असं थरथरवू शकत नाही. घरी येऊन भरल्या वांग्याचा पहिला घास घेताना मला ती माशी आठवली.

पुढं सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरउतारावर मला कंदीलपुष्प भेटलं. त्याला खर्चुडीही म्हणतात. गवतात लपलेलं, उभ्या कंदिलासारखं इवलंसं फूल. वासानं चिलटासारखी माशी आत शिरते आणि नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे तिला वर येता येत नाही. फुलाचं काम होईपर्यंत ती कैदेत. मग केस कोमेजतात आणि परागांची पुरचुंडी घेऊन ती सुटते, ती दुसऱ्या कंदिलाकडं जायला.

ही माशी शिरताना टिपायचीच, असा मला ध्यास लागला. गवत आड येत होतं, म्हणून मी ते हातानं उपटलं. बसायला जागा हवी म्हणून भोवतालचं पायानं दाबलं. दोन तास बसलो. फोटो मिळाला, आणि तो खरोखर देखणा आहे. त्याच संध्याकाळी मी तो ओळखीच्या पंधरावीस जणांना पाठवला, जागेच्या खाणाखुणांसह.

पुढच्या रविवारी गेलो, तर तिथं वीतभर खड्डा होता. कुणीतरी कंदासकट झाड उकरून नेलं होतं. माझ्या पावलांनी पडलेली वाट थेट त्या खड्ड्यापाशी जात होती. खर्चुडीचा कंद खातात, गुराख्यांच्या पोरांना तो पूर्वापार ठाऊक आहे. कुणी हौशी माणसानं कुंडीत लावायलाही नेला असेल. दोष कुणाला देऊ? गवतानं जे झाकून ठेवलं होतं, ते उघडं मीच केलं होतं.

तो फोटो मी अजून भिंतीवर लावलेला नाही.

आता गवत आडवं आलं, तर फोटोत गवतही येतं. पायवाट सोडत नाही. दुर्मीळ फुलाचा पत्ता कुणी विचारला तर हसून सांगतो, "खातेदाराची माहिती देता येत नाही." काहींना राग येतो. येऊ दे.

आणि खरं सांगू? एवढ्या लांब जायची गरजही नसते. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून फुलं पाहायची म्हणजे कासलाच जायचं, असा अनेकांचा समज झाला आहे. पण तुमच्या गॅलरीत तुळस असेलच. तिला मंजिऱ्या आल्या, की सकाळी चहाचा कप घेऊन नातवंडांसोबत पाच मिनिटं तिच्यापाशी बसा. मुंगीहून थोडी मोठी फुलोरी माशी बहुधा येईल. फोटो हलला तरी चालेल. भटजी आले होते, एवढं मुलांनी पाहिलं म्हणजे झालं.