आल्बर्ट नायसर : श्रेय कशाचे, दोष कशाचा

कुष्ठरोगाचा जंतू जर्मन त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट नायसर (१८५५–१९१६) यांनी शोधला, हा समज त्यांच्या एका खऱ्या शोधामुळे बळावला. ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे काम करताना १८७९ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी परमा या गुप्तरोगाच्या रुग्णांच्या पुवात जोडीजोडीने असणारे गोल जंतू पाहिले, जे पुढे गोनोकोकस म्हणून ओळखले गेले आणि ज्यांच्या प्रजातीला ‘नायसेरिया’ हे नाव मिळाले. कुष्ठरोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. नॉर्वेतील बर्गेनचे वैद्य गेरहार्ड आर्माउअर हान्सेन यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींतील काडीसारखे जंतू १८७३ मध्येच पाहून पुढच्या वर्षी त्यांविषयी लिहिले होते. ते रंगवून ठळक दाखवणे तेवढे त्यांना साधले नव्हते. १८७९ मध्ये बर्गेनला आलेल्या नायसर यांना त्यांनी मोकळेपणाने नमुने दिले, नायसर यांनी ते ॲनिलीन या कृत्रिम रंगद्रव्यांनी रंगवून जंतू स्पष्ट दाखवले आणि शोधावर हक्क सांगितला. रंगवण्याचे कौशल्य नायसर यांचे होते, हे मान्य करूनही शोधाचा मान हान्सेन यांचाच ठरतो.

संशोधनासाठी रुग्णाची संमती घेण्याचा नियम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांतून जन्मला, हा दुसरा समजही नायसर यांच्या चरित्रापाशी लटका पडतो. उपदंशाला प्रतिबंध करता येईल का, हे तपासण्यासाठी त्यांनी १८९२ मध्ये उपदंशाच्या रुग्णांचे सीरम, म्हणजे रक्तातील पेशी व गुठळी वगळून उरणारा द्रव, अन्य कारणांसाठी दाखल झालेल्या स्त्रियांना टोचले. त्यांत वेश्याव्यवसायातील तरुणी होत्या, आणि कोणाचीही संमती घेतलेली नव्हती. काहींना पुढे उपदंश झाला, तेव्हा तो सीरममुळे नव्हे, तर व्यवसायामुळे झाला, असे नायसर यांनी मांडले. हा युक्तिवाद खरा मानला, तरी न विचारता टोचण्याचे समर्थन त्यातून होत नाही. प्रयोगांचा वृत्तांत १८९८ मध्ये त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केल्यावर वृत्तपत्रांत संताप उसळला, प्रकरण प्रशियाच्या संसदेत गेले आणि शिस्तभंगाच्या न्यायालयाने त्यांना दंड केला. डिसेंबर १९०० मध्ये प्रशियाच्या मंत्र्याने रुग्णालयप्रमुखांना आदेश काढून, उपचाराव्यतिरिक्त कोणताही वैद्यकीय प्रयोग अल्पवयीन व्यक्तीवर, किंवा संभाव्य दुष्परिणाम समजावून स्पष्ट संमती घेतल्याशिवाय कोणावरही करू नये, असे बजावले. मात्र त्याला कायद्याचे बळ नव्हते.