कुलूप वाचता आलं पाहिजे

दरवानाला कोरी चिठ्ठी दाखवली आणि त्यानं सलाम ठोकून आत सोडलं, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण संगणकाच्या दारावर हे खरोखर घडलेलं आहे.

१ मे २०१७ रोजी इंटेलनं आपल्या एएमटी या सुविधेत गंभीर दोष असल्याचं जाहीर केलं. ऑफिसातल्या शेकडो संगणकांची देखभाल आयटी विभागाला आपल्या टेबलावरून करता यावी, बंद असलेलं मशीनही दुरून चालू करता यावं, यासाठी ही सोय मशीनमध्येच बसवलेली असते. तिचं स्वतःचं लॉगिनचं पान असतं. तिथं ‘ॲडमिन’ हे नाव द्यायचं, पासवर्डाच्या पुराव्याच्या जागी कोरं उत्तर पाठवायचं, की दार उघडायचं.

हे कसं झालं? या लॉगिनमध्ये ब्राउझर पासवर्ड उघडपणे पाठवत नाही. त्यावरून ३२ अक्षरांचं एक उत्तर तयार करून तेवढंच पाठवतो. मशीनही आपल्या बाजूनं तेच उत्तर काढतं आणि दोन्ही ताडून पाहतं. ताडणाऱ्या फंक्शनला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: हे उत्तर, ते उत्तर आणि किती अक्षरं ताडायची. तिसऱ्या जागी ३२ हवे होते. कोडमध्ये मात्र तो आकडा समोरच्यानं पाठवलेल्या उत्तराच्या लांबीवरून घेतला होता. कोऱ्या उत्तराची लांबी शून्य. शून्य अक्षरं ताडली, त्यात एकही चुकीचं सापडलं नाही, म्हणून सगळं जुळलं! परीक्षार्थीलाच विचारायचं, ‘बाबा रे, तुझा पेपर कितीपर्यंत तपासू?’ असला हा प्रकार. एएमटीच्या सहाव्या आवृत्तीपासून ११.६पर्यंत ही चूक तशीच चालत आली.

त्या ओळीत अवघड असं काहीच नाही. वरवर वाचली तर बरोबरच वाटते, आणि हीच लॉगिनच्या कोडची गोम आहे. इतरत्र बग असला की स्क्रीन बिघडते, बेरीज चुकते, ग्राहक ओरडतो. लॉगिनमध्ये खऱ्या मालकाला दार नेहमीसारखंच उघडतं, त्यामुळे तक्रार येतच नाही. चूक सापडायची तर बहुतेकदा कोणीतरी कोड वाचूनच सापडणार. म्हणून तो वाचण्याजोगा असणं हा सुरक्षेचाच भाग आहे.

फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. तो कोड लॉगिनचा नव्हता, पण ओळख पटवण्याचाच होता: समोरचं संकेतस्थळ खरोखर तुमच्या बँकेचंच आहे का, हे डिजिटल सही तपासून ठरवायचं. त्यात थेट शेवटाकडे उडी मारायला सांगणारी ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ‘इफ’च्या अटीखाली होती. दुसरीही तेवढीच आत सरकवलेली, त्यामुळे वाचणाऱ्याला तीही अटीखालचीच वाटे. पण महिरपी कंस नव्हते, म्हणून मशीनच्या लेखी ती मोकळी होती. परिणाम असा, की आधीच्या तपासण्या सुरळीत पार पडल्या तरी पुढं उडी ठरलेली. सही ताडणारी ओळ मधल्या मध्ये राहून गेली, आणि तोवर काही चुकलेलं नसल्यामुळे निकाल आला: ‘सर्व ठीक’. दोन कंसांची आळशी बचत केवढ्याला पडली!

आपल्याकडच्या कुठल्याही टीममध्ये लॉगिनचं फंक्शन कसं वाढतं ते पाहा. पहिल्या दिवशी फक्त नाव आणि पासवर्ड. मग ओटीपी येतो. मग पाच वेळा चुकलं की खातं बंद करायचं ठरतं. मग मोबाइल ॲपसाठी वेगळी वाट. दर वेळी कोणीतरी घाईत आणखी एक ‘इफ’ आत खुपसतो. दोन वर्षांनी सहा पदरी ‘इफ’, सोबतीला ‘फ्लॅग’, ‘टेंप’, ‘चेक२’ अशी नावं, आणि मध्येच कुठंतरी ९०० हा आकडा. ते १५ मिनिटांचे सेकंद आहेत, हे ज्याला माहीत होतं तो नोकरी सोडून गेलेला.

यावरचा उपाय चमकदार नाही. एका फंक्शननं एकच प्रश्न विचारावा आणि तो त्याच्या नावातच दिसावा: खातं बंद आहे का, पासवर्ड जुळला का. ९००च्या जागी ‘खातं बंद ठेवण्याची मुदत’ असं नाव यावं. आणि नकार आधी द्यावेत:

खातं सापडलं नाही: नकार.
खातं बंद आहे: नकार.
पासवर्ड जुळला नाही: नकार.
ओटीपी चुकला: नकार.
इथवर आला: प्रवेश.

असं लिहिलं की प्रवेशाची जागा एकच उरते, तीही सगळ्यात खाली. एखादी तपासणी गळली तर यादीतली रिकामी जागा चटकन डोळ्यांत भरते.

पण या यादीतही एक मेख आहे. खातंच नसेल तर पासवर्ड ताडण्याचं वेळखाऊ गणित होत नाही आणि नकार झटकन येतो. बाहेरचा चोर नुसत्या वेळेवरून ओळखतो, की कोणतं नाव खरं आणि कोणतं खोटं. म्हणून जाणकार प्रोग्रामर खातं नसलं तरी एक खोटं गणित मुद्दाम करवून मगच नकार देतो. आता कोणी नवखा मुलगा कोड साफ करायला बसला, की ती ओळ बिनकामाची म्हणून पहिली उडवतो. तिच्या डोक्यावर ‘हे का आहे’ सांगणारी एक ओळीची कॉमेंट हवी. ‘इथे पासवर्ड तपासतो’ असल्या कॉमेंटची गरज नाही; ते कोडच सांगतो.

लिहिलं त्या दिवशी बरोबर असलेलंही पुढं चुकतं. एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीवर १९६०च्या दशकातच पासवर्ड आले होते. तिच्या एडिटरमध्ये तात्पुरत्या फाइलचं नाव कायमचं ठरलेलं होतं, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, असं गृहीत होतं. पुढं प्रणाली सांभाळणाऱ्यांना एकत्र काम करण्याची मुभा मिळाली. एकानं दैनंदिन सूचना लिहायला घेतली, दुसऱ्यानं पासवर्डांची फाइल उघडली, आणि दोन्हींची अदलाबदल झाली. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले! गृहीतक कोणाच्या तरी डोक्यात होतं, कोडमध्ये लिहिलेलं नव्हतं.

आजही नियम बदलतातच. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं २०१७मध्ये सांगितलं. पासवर्ड साठवण्याच्या जुन्या पद्धती मोडीत निघाल्या. नव्या पद्धतींपैकी बीक्रिप्ट १९९९मध्ये आलं, अर्गॉन२नं २०१५मध्ये अशा पद्धतींची स्पर्धा जिंकली. हा भाग एकाच फंक्शनमध्ये असेल तर बदल आटोपशीर होतो. वेबसाइट, ॲप आणि ॲडमिन पॅनल अशा तीन ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेला असेल, तर दोन ठिकाणी बदलतो आणि तिसरं दार तसंच राहतं.

राहिल्या टेस्ट. बरोबर पासवर्डानं आत जाता येतं, ही टेस्ट सगळेच लिहितात. १९ जून २०११ रोजी ड्रॉपबॉक्सनं कोडमध्ये एक बदल चढवला आणि जवळजवळ चार तास कुठल्याही खात्यात कुठलाही पासवर्ड चालत होता. त्या दिवशीही बरोबर पासवर्ड देणारा सुखरूप आतच गेला असता. चुकीचा, कोरा, अर्धवट पासवर्ड देऊन नकार मिळतो का, ही टेस्ट पहिली हवी.

येत्या सोमवारी आपल्या लॉगिनचा कोड टीममधल्या सगळ्यात नव्या माणसासमोर ठेवा आणि त्याला तो मोठ्यानं, साध्या मराठीत वाचून दाखवायला सांगा. तो जिथं अडखळेल, तिथं त्याला समजावून सांगत बसू नका. ती ओळ बदला.